गुरुवारची फटफटी

"ह्यावर मी बसायचं कुठं, सयाजी?" डॉक्टर दिघ्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. महाडच्या दवाखान्याच्या अंगणात मी नवी फटफटी उभी केली होती, आणि मागच्या माणसाची सोय म्हणून तिला वीतभर चामड्याची गादी होती. डॉक्टर अंगाने भारदस्त. मी म्हणालो, "बसा तर खरं. गादी दिसते लहान, पण स्प्रिंगा विलायती आहेत."

"विलायतेत माणसं बारीक असतात वाटतं," असं म्हणत ते बसले. औषधांची पेटी त्यांनी मांडीवर घेतली, एका हाताने माझा खांदा धरला आणि डोळे मिटले. मी किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली. जुनीला सकाळी सात-आठ किका आणि दोन शिव्या लागत असत.

मी डॉक्टरांचा कंपाउंडर. औषधं घोटायची, बाटल्यांवर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, गळवं धुवायची आणि फटफटी चालवायची. चालवायला शिकलो तिकडे इराकात, बसऱ्याला, पहिल्या लढाईत. तिथे मी शिपाई नव्हतो, फटफट्या पुसणारा होतो. पण गावी आल्यावर कोण विचारतो? लढाईवरून आलेला तो लढवय्या. मीही कधी कुणाची समजूत घालत बसलो नाही. लग्न झालं, बायको साथीत दोन वर्षांत गेली, पुन्हा केलं नाही. जीव लावायला एक फटफटी होती आणि एक धाकटी बहीण. आवडी माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. मी बसऱ्याला गेलो तेव्हा ती पाळण्यात होती.

आमची पळसमाची म्हणजे पोलादपूर ओलांडून घाट लागला की दुसऱ्या वळणावर, सडकेपासून तासाभराच्या चढावर. अशा चार वाड्या त्या अंगाला आहेत. डॉक्टरांचा नेम असा, की दर गुरुवारी महाडहून निघायचं, पोलादपूरला दोन तास बसायचं आणि मग घाटातल्या वाड्या बघायच्या. सुरुवातीला ते प्रत्येक वाडी चढत. तीन वाड्या चढून जावं तर कुणाला साधं पडसं नाही, आणि चौथीला पोचेपर्यंत अंधार व्हायचा, माणूस तिथे तापाने फणफणलेला. शेवटी आमच्या वाडीच्या कोंडाजीने तोड काढली. म्हातारा म्हणाला, "डाक्टर, तुमी उगा पाय मोडू नुको. फटफटीचा आवाज आमाला पार पोलादपुरापासून येतो. घरात कोन आजारी आसल तर आमी अंगनात ओला गवात जालू. धूर दिसला का वळनावर थांबा, आमी डोली घेऊन उतरतो. धूर नाय, तर दुखना नाय. सरळ जावा."

तेव्हापासून बारा वर्षं असंच चाललं. आवाज आला की धूर, धूर दिसला की आम्ही थांबायचो.

धूर आधीपासून करून ठेवायची सोय नव्हती. वरचं रान सरकारने राखीव केलेलं. राखीव रानाच्या साहेबाला डोंगरात कुठे धूर दिसला की तो तिकडे वळून माणसं धरून न्यायचा, मग तो धूर शेतात भाजलेल्या राबाचा असो नाहीतर चुलीचा. त्याच्याकडेही फटफटी होती. अख्ख्या टापूत फटफट्या दोनच, एक डॉक्टरांची आणि एक साहेबाची, आणि पाळण्यातल्या पोरालाही त्यांचे आवाज वेगळे कळत. आमची लढाईतून उरलेली, पट्ट्यावर चालणारी. धब्, धब्, धब् करायची आणि मध्येच एक ठोका गिळायची. चढावर तर मी उतरून ढकलायचो आणि डॉक्टर पेटी घेऊन मागून चालायचे. साहेबाची बारीक आवाजाची आणि सुसाट. आमची ऐकली की बायका गवताचा भारा ओढायच्या. त्याची ऐकली की निखाऱ्यावर पाणी आणि बाप्ये रानात.

आता नवी का घेतली ते सांगतो. आदल्या पावसाळ्यात बिरवाडीला एका बाईला पान लागलं, साप चावला होता. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या अंगावरून चादर ओढली होती. परत येताना डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आलो असतो, तर." तेवढं वाक्य मी धरून ठेवलं. पुढे महाबळेश्वरला हवा खायला येणाऱ्या एका पारशी शेटच्या मुलाने आपली शर्यतीची फटफटी विकायला काढली, हे मला कळलं, आणि मी रोज डॉक्टरांच्या कानाशी लागलो. निमुळती टाकी, खाली वाकलेला दांडा, पट्ट्याच्या जागी साखळी. "डॉक्टरसाहेब, अर्धा तास," मी म्हणायचो. बिरवाडीची ती बाई मी दोन महिने पुढे केली.

खरं सांगायचं तर तिच्यासाठी मी ती घ्यायला लावली नाही. मला ती गाडी हवी होती. बसऱ्याला गोरे अशा गाड्या उडवायचे आणि आम्ही फडकी घेऊन उभे. वय पस्तिशीला आलं होतं आणि आयुष्यात एकदा तरी आपणही उडवावी, एवढंच मनात होतं. जुनी गाडी त्या व्यवहारात देऊन टाकली. जाताना तिच्याकडे मी वळूनही बघितलं नाही.

आणि वाडीला कळवलं नाही. हे मुद्दाम. पोलादपूरच्या बाजाराला येणाऱ्या कुणाहीबरोबर निरोप धाडता आला असता. पण मला वाटलं, गुरुवारी एकदम जाऊन उभं राहावं आणि सगळ्यांनी तोंडात बोट घालावं. आवडी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला अजून महिना होता. तिला कड्याशी बोलावून खालची गाडी दाखवायची, हेही ठरवलं होतं. पारशाच्या पोराने गाडीबरोबर चामड्याची टोपी आणि डोळ्यांवरचा मोठा चष्मा दिला होता. तो मी दवाखान्याच्या आरशात तीनदा लावून बघितला.

तर त्या गुरुवारी डॉक्टर डोळे मिटून बसले आणि आम्ही निघालो.

चैत्र होता. सडकेवर धूळ. सावित्रीचं पात्र आटून मधले खडक उघडे पडले होते. मी गाडी सोडली. असला वारा मी जन्मात तोंडावर घेतला नव्हता. डॉक्टर पहिले दोन मैल "हळू, हळू" म्हणत होते, मग गप्प झाले, आणि पोलादपूर आलं तेव्हा उतरून म्हणाले, "अरे, हे मजेदार आहे." घड्याळ बघितलं तर निम्मा वेळ वाचला होता. पोलादपूरचे रोगी आटोपून आम्ही घाटाला लागलो. जिथे जुनी ढकलावी लागायची तिथे ही न कुरकुरता चढली. पहिल्या वळणावर मी वर बघितलं, धूर नाही. दुसऱ्या वळणावर, आमच्या वाडीखाली, वेग कमी केला. पळस फुलून गेले होते, वर आभाळ स्वच्छ. कुठे धुराची काडी नाही.

"चारही वाड्या ठणठणीत दिसतात," डॉक्टर मागून म्हणाले. "चल, आज वरच्या गावापर्यंत जाऊ. तिथले लोक कधीचे बोलावतायत."

वर जाऊन आवडीला हाक मारावी असं मनात आलं होतं. पण तासाभराचा चढ, आणि हाताखाली ती गाडी. म्हटलं, पुढच्या गुरुवारी. मी गाडीचा कान पिळला आणि आम्ही वर गेलो. दुपारी त्याच वळणावरून खाली आलो, तेव्हाही धूर नव्हता. चार वाजता महाडला घरी. जुनीवर दिवे लागायचे.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मला एकच मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून बाटल्या धूत होतो. आमच्या वाडीचा पांडू फाटकातून आला. रात्रभर चालल्यासारखा दिसत होता. मला बघून तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला. त्याची नजर माझ्यामागे अंगणात गेली होती.

"ही हितं कशी?" तो म्हणाला.

"काय?"

"ही फटफटी. सायेब आलाय का हितं?"

"कसला सायेब? आपली हाय. डॉक्टरांनी नवी घेतली."

पांडू मटकन मातीत बसला. मी त्याला पाणी दिलं ते त्याने हातात धरून ठेवलं, प्यायला नाही. मग म्हणाला, "आवडी गेली रं."

मला काही कळलं नाही. मी विचारलं, "कुठं गेली?"

त्याने माझ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं.

पांडूने तुटक तुटक सांगितलं ते असं. बुधवारी दुपारी आवडी पाय घसरून पडली आणि तिला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं आलं होतं. सुईण रखमा म्हणाली, माझ्या हातचं नाही हे, डॉक्टर पाहिजे. महाड गाठायचं तर अख्खा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. सगळे म्हणाले, डॉक्टर येणारच आहे, त्यात सयाजी घरचाच. उजाडल्यापासून अंगणात निखारे करून ठेवले होते, ओल्या गवताचा भारा शेजारी. डोली बांधून तयार. चार बाप्ये उंबऱ्याशी. आणि पांडूला सडकेवर बसवला होता.

"मंग आवाज आला," पांडू म्हणाला. "बारीक. आपला नाय त्यो. वरती सगल्यानला वाटला, सायेब आला. गेल्या म्हयन्यात कोंडाजीला धरून नेला व्हता, त्याच्या कोयत्यासकट. बाप्ये डोली टाकून रानात पलाले. मी करवंदीच्या जाळीत शिरलू."

"तू मला बघितलास?"

"बघितला. हितनं त्या झाडायेवढा लांब व्हतास. डोल्याला काच, टक्कुऱ्याला चामडा. मी वलाकला नाय. तू वर बघितलास, मला वाटला, सायेब धूर बघतोय."

तो जाळीत तसाच बसून राहिला. आम्ही दुपारी खाली उतरलो तेव्हा पुन्हा तोच आवाज आला आणि बाप्ये पुन्हा रानातच राहिले. डॉक्टरची फटफटी येईल, उशीर झाला असेल, म्हणून वाट बघत राहिले. ती येणार कुठून? आवडी त्या दुपारी गेली. बाळाने डोळा उघडलाच नाही.

डॉक्टर आतून कधी बाहेर आले होते मला कळलं नाही. सगळं त्यांनी ऐकलं असावं. मी त्यांना विचारलं, "काल पोचलो असतो तर वाचली असती का?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "आडवं मूल... सांगता येत नाही सयाजी." हे म्हणताना ते माझ्या धुतलेल्या बाटल्यांकडे बघत होते. बारा वर्षांत त्यांना नीट खोटं बोलता आलेलं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही आलं नाही.

ते म्हणाले, गाडी घेऊन जा. मी चालत गेलो.

आई अंगणात बसली होती. माझी आई चंद्राबाई म्हणजे एरवी बोलणारी बाई, वाडीतल्या भांडणात पहिला आणि शेवटचा शब्द तिचा. मला बघून ती उठली नाही, रडली नाही. अंगणाच्या कडेला काळा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, त्याच्याकडे तिने बोट केलं.

"निखारं हितं व्हतं," ती म्हणाली. "मी पानी वतला. तिच्या अंघोलीला तापत ठेवला व्हता त्यो हंडा उचलला न् वतला."

"आये, तुला काय ठावं? मी सांगला नाय."

"व्हय. तू सांगला नाय."

त्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. टोपी आणि चष्मा कसा मिरवला, गाडी घ्यावी म्हणून बिरवाडीच्या मेलेल्या बाईला कशी राबवली, सगळं तिच्या पायाशी ओतावं असं वाटत होतं. पण तिला त्यातलं काय करायचं होतं? माझं मन हलकं झालं असतं आणि तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं. दिवस घातले. आवडीचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिसऱ्या दिवशी पोचला, कोपऱ्यात बसून राहिला आणि तेराव्यानंतर परत गेला. माझ्याशी तो एक अक्षर बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही.

महाडला आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ही विकून टाकू. जुनी परत मागू."

"ती मोडीत गेली. मी चौकशी केली," मी म्हणालो.

"मग काय करायचं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी चौदा दिवस शोधत होतो. गाडी दरीत लोटून द्यावी असंही वाटून गेलं होतं. पण मग डॉक्टर पुन्हा पायी, आणि डोंगरात आजारी पडायचं कुणी थांबणार नव्हतं. मी म्हणालो, "त्यांना आवाज शिकवावा लागेल."

पांडूला मी पुढे धाडला. चारही वाड्यांना सांग, म्हटलं, की सोमवारी सकाळी सयाजी नव्या फटफटीवर येतोय. कुणी पळू नका. कडेला येऊन उभे राहा, आणि आवाज कानात भरून घ्या. डॉक्टर बरोबर यायला निघाले होते, मी नको म्हणालो. टोपी घातली नाही, चष्मा घातला नाही. सडकेची धूळ डोळ्यांत जात होती ती जाऊ दिली.

पहिल्या वळणावर गाडी उभी केली आणि चालूच ठेवली. वर कड्याशी माणसं दिसली, मुंगीएवढी. मी कान पिळला, सोडला, पुन्हा पिळला. मग बंद करून ओरडलो, "कलला का?" वरून थोड्या वेळाने उत्तर आलं, "कलला." असं तीनदा केलं. तिन्ही वेळा ती माणसं हात वर करत होती. शाळेत परवचा म्हणून घ्यावा तसं चाललं होतं, आणि मला माझी लाज वाटत होती.

दुसऱ्या वळणावर, आमच्या वाडीखाली, माणसं कड्याशी नव्हती. मी गाडी चालू ठेवून वाट बघितली. मग करवंदीच्या जाळीजवळच्या पायवाटेने कुणी उतरताना दिसलं. माझी आई होती. ती सहसा सडकेपर्यंत यायची नाही, गुडघे धरले होते. काठी टेकत, मध्ये बसत ती आली. मी गाडी बंद करून तिला हात द्यायला पुढे गेलो. तिने हात घेतला नाही.

गाडीच्या समोर येऊन ती उभी राहिली. मग तिने टाकीला हात लावला.

"हीच का?"

"व्हय."

"झ्याक हाय," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं असावं, आणि म्हणूनच मला ते सोसवेना. मी सडकेकडे बघायला लागलो.

"तुला एक सांगायचा ऱ्हायला," ती म्हणाली. "त्या दिशी आवाज आला ना, तवा आवडी शुद्धीत व्हती. माजा हात धरला तिनी. बोलली, आये, धूर कर, दादा आला."

"मी बोलली, ह्यो आपला आवाज नाय गो, सायेब हाय. ती बोलली, आज बेस्तरवार हाय, दादाच हाय. दोनदा बोलली. मना वाटला, कळांनी बरळते. तिचा हात सोडवला न् हंडा उचलला." आईने पदर सावरला. "तिला ठावं व्हता. मना नव्हता."

खाली नदीकडे कुणाची गुरं उतरत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मी म्हणालो, "आये, चल वर. मी पोचवतो."

"नाय. ज्यासाठी आली त्यो ऱ्हायला." तिने काठी दोन्ही हातांत धरली. "चालू कर."

"आये..."

"चालू कर, सयाजी. समद्यास्नी शिकवतोस, मना नुको शिकवू?"

मी किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली. ती हातभर अंतरावर उभी राहिली, कानावरचा पदर तिने मागे सारला आणि मान किंचित वाकडी करून ऐकायला लागली. ओठ हलत होते, पण त्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो, कधी पुरे म्हणते म्हणून. ती पुरे म्हणेना, आणि मला बंद करवेना.